रयत कोणाची? ब्रिटिश वसाहतींतील चिनी माणसाचे कायदेशीर स्थान

आमचे गाव महाबळेश्वरच्या डोंगराच्या कुशीत आहे. वडील दुसऱ्यांच्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर मजुरी करतात. दिवाळीच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर खुरपणीला जातो. महाबळेश्वरात 'चायनामन फॉल' नावाचा एक धबधबा आहे. लहानपणी मला वाटे की, कोणी चिनी साहेब तेथे सहलीला आला असेल आणि त्याच्या नावाची पाटी लागली असेल. आजी म्हणायची, "साहेब कुठला? कैदी होते ते. बागा करायचे, वेताच्या टोपल्या विणायचे." आजीला अक्षर ओळख नाही, पण तिचेच खरे निघाले. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग होता. पूर्वेकडच्या ब्रिटिश ठाण्यांत शिक्षा झालेले हे लोक मुंबई इलाख्यात धाडले जात. ते येथे भाजीपाल्याचे मळे करीत. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला.

द्वितीय वर्षाला इतिहासाच्या तासाला आमच्या सरांना मी भीतभीतच विचारले, "सर, हे कैदी चीनचे. मग त्यांना शिक्षा करणारा इंग्रज त्यांचा कोण?" सर म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर मी सांगत नाही. ग्रंथालयात बस." प्रस्तुत लेख त्या बसण्यातून झाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा कायद्याच्या भाषेत माझी काही ठिकाणी त्रेधा उडाली असेल, ती वाचकांनी पोटात घालावी.

प्रथम भूगोल. मलायाच्या किनाऱ्यावरील पेनांग बेट ईस्ट इंडिया कंपनीने १७८६ साली घेतले. १८१९ साली रॅफल्सने सिंगापूरला ठाणे घातले. १८२४ च्या तहाने डचांकडून मलाक्का आले. या तिन्हींची मिळून १८२६ साली 'सामुद्रधुनी वसाहत' झाली. तिचा कारभार थेट लंडनहून चालत नव्हता, तो हिंदुस्थानातून, कलकत्त्याहून चाले. १ एप्रिल १८६७ रोजी ती हिंदुस्थानपासून तोडून लंडनच्या वसाहत खात्याकडे देण्यात आली. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे सिंगापूरचा चिनी दुकानदार आणि पुण्याचा भुसारी व्यापारी एकाच सरकारच्या कायद्याखाली होते. हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. आपल्याकडचे जन्मठेपेचे कैदी सिंगापुरात रस्ते बांधायला आणि तिकडचे चिनी कैदी आपल्या डोंगरावर मळे करायला, अशी ही अदलाबदल एकाच दप्तरातून चालली होती.

या वसाहतीत माणसे कोठून आली? दक्षिण चीनच्या फूक्येन आणि क्वांगतुंग प्रांतांतून. कोणी व्यापाराला, कोणी कथलाच्या खाणीत, कोणी मिरी आणि गँबियरच्या मळ्यांत. आणि गमतीची गोष्ट ही की, त्यांच्या स्वतःच्या बादशहाच्या कायद्याने परदेशी जाऊन राहणे हाच गुन्हा होता. १८६० च्या पेकिंगच्या करारात चिनी माणसाला परदेशी नोकरीस जाण्याची मोकळीक इंग्रज-फ्रेंचांनी बादशहाकडून वदवून घेतली. पण परतून येणाऱ्यावरची जुनी बंदी विधिपूर्वक उठली ती थेट १८९३ साली. तोवर देश सोडलेला माणूस घरच्या कायद्याने गुन्हेगार आणि बाहेरच्या कायद्याने परका.

आता इंग्रजी कायदा काय म्हणतो ते पाहू. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडचाही राजा झाला. त्यानंतर स्कॉटलंडात जन्मलेल्या मुलाला इंग्लंडात जमीन धरता येईल काय, असा वाद निघाला. १६०८ च्या या 'कॅल्व्हिन खटल्यात' न्यायाधीशांनी ठरवले की, जो राजाच्या अमलाखालील भूमीवर जन्मला तो राजाचा प्रजाजन. बापाचे रक्त कोणते, धर्म कोणता, भाषा कोणती, हे पाहायचे नाही. मातीच पाहायची. स्कॉटलंडच्या एका पोरासाठी लावलेला हा न्याय अडीचशे वर्षांनी पेनांगच्या चिनी पोराला लागू झाला. बाप काल जहाजातून उतरलेला असो, मूल मलाक्क्यात जन्मले की ते जन्मसिद्ध ब्रिटिश प्रजाजन. अशा लोकांना पुढे 'राणीचे चिनी' आणि नंतर 'राजाचे चिनी' म्हणू लागले. त्यांच्या घरांत मलायी भाषा बोलली जाई, बायका मलायी पद्धतीचा पोशाख करीत, आणि पुरुषांच्या पाठीवर मात्र चिनी शेंडी.

पण यांची संख्या किती? १८८१ च्या शिरगणतीत सिंगापुरात चिनी सुमारे ८७ हजार आणि त्यांत वसाहतीत जन्मलेले केवळ साडेनऊ हजार. म्हणजे दर नवांमागे आठ परके. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा होता, परक्याला प्रजाजन करून घेण्याचा. आणि हा दरवाजा हिंदुस्थान सरकारने केला होता. १८५२ चा ३० वा कायदा. कंपनीच्या मुलखात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या परक्याने अर्ज करावा, शपथ घ्यावी आणि दाखला मिळवावा. मुंबईला हाच कायदा, सिंगापूरलाही हाच. वसाहत वेगळी झाल्यावर तिने १८६७ साली स्वतःचा तसाच कायदा केला. आपल्याकडे मात्र १८५२ चा कायदा १९२६ सालापर्यंत चालू राहिला.

या दाखल्यात एक मेख होती. तो त्या मुलखापुरताच चाले. सिंगापूरच्या दाखल्यावर झालेला प्रजाजन सिंगापुरात प्रजाजन. बंदराबाहेर जहाज पडले की तो पुन्हा चिनी. जन्मसिद्ध प्रजाजनाला असे होत नसे. साऱ्या साम्राज्यात चालेल असा दाखला देण्याची सोय १९१४ च्या कायद्याने झाली. तोपर्यंत एकाच गल्लीतील, एकाच आडनावाचे, एकाच देवळात धूप लावणारे दोन भाऊ निरनिराळ्या दर्जाचे असू शकत. थोरला चीनमध्ये जन्मला म्हणून दाखल्याचा, धाकटा येथे जन्मला म्हणून जन्माचा.

या गोंधळाचे सर्वांत रंजक उदाहरण म्हणजे व्हाम्पोआ. मूळ नाव हू आ के. कँटनजवळील व्हाम्पोआ गावाहून १८३० साली पोरवयात सिंगापुरास आला, जहाजांना मांस-पाव पुरवून श्रीमंत झाला. त्याने ब्रिटिश प्रजाजनत्व घेतले. १८६९ साली तो वसाहतीच्या विधिमंडळाचा सभासद झाला. या जागी बसलेला तो पहिला आशियाई. आणि १८७७ साली चीनच्या बादशहाने सिंगापुरात आपला पहिला वकील, म्हणजे कॉन्सल नेमला तो कोण? हाच व्हाम्पोआ! त्याच वेळी तो रशियाचा आणि जपानचाही कॉन्सल होता. एका माणसात चार सरकारे नांदत होती. १८८० साली तो वारला. श्रीमंताला दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो. गरिबाचा पाय दोन्हींवरून निसटतो, असे मला हे वाचताना सारखे वाटत होते.

निसटण्याची जागा म्हणजे चीनचे अमॉय बंदर. अफूच्या युद्धानंतर इंग्रजांनी चीनकडून असा हक्क घेतला होता की, चीनमधील ब्रिटिश प्रजाजनावर चिनी न्यायालयाची सत्ता चालणार नाही, त्याचा न्याय ब्रिटिश कॉन्सल करील. हा हक्क गोऱ्यांसाठी मागितला होता. परंतु पेनांग-सिंगापुरात जन्मलेले चिनी आपल्या बापजाद्यांच्या गावी परतू लागले आणि म्हणू लागले की, आम्हीही ब्रिटिश प्रजाजन, आम्हाला हात लावू नका. कायद्याने त्यांचे म्हणणे बरोबर होते. चिनी अंमलदाराला मात्र समोर चिनी चेहरा, चिनी कपडे, चिनी शेंडी दिसे. तो म्हणे, हा माझाच माणूस. १८५१ साली अमॉयला सिंगापुरात जन्मलेला आणि इंग्रज पेढीत नोकरीस असलेला एक मनुष्य गुप्त मंडळी उभारल्याच्या आरोपावरून चिनी अंमलदारांनी धरला. ब्रिटिश कॉन्सलने त्याला सोडा म्हणून मागणी केली. परत मिळाले ते त्याचे प्रेत.

यावर तोड काय निघाली? १८६८ साली पेकिंगमधील ब्रिटिश राजदूत सर रदरफोर्ड ऑलकॉक यांनी नियम काढला की, चिनी वंशाच्या ज्या ब्रिटिश प्रजाजनाला चीनमध्ये आमचे संरक्षण हवे असेल त्याने चिनी पोशाख टाकावा. परका वाटेल असा वेष करावा. म्हणजे जो हक्क जन्माने मिळाला तो टिकवायला सदरा बदला! कॅल्व्हिनच्या खटल्यातील न्यायाधीशांनी माती पाहिली, ऑलकॉकसाहेबांनी शिंपी पाहिला. मला याचे हसू आले, पण त्या मनुष्याचा विचार केला तर हसण्यासारखे काही नाही. तो गावी का जात असेल? आईचे वर्षश्राद्ध करायला, बापाची कबर झाडायला. तेथे इंग्रजी कोट घालून उभे राहायचे, म्हणजे गावाच्या लेखी बाटलेला. आणि आपला झगा घालून उभे राहायचे, तर कोठडीत गेल्यावर विचारणारा कोणी नाही.

शिवाय जन्म येथेच झाला हे सिद्ध कसे करायचे? जुन्या काळी जन्माच्या नोंदीची सक्ती नव्हती. घरात सुईण आली, पोर झाले, देवासमोर दिवा लावला, झाले. चाळीस वर्षांनी कॉन्सल पुरावा मागतो. येथे मला घरचा एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. अकरावीला शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी एका कार्यालयात माझ्याकडे वडिलांच्या जन्माचा दाखला मागितला. वडील जन्मले तेव्हा आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मुक्काम आज येथे, उद्या तेथे. वडील शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेचा दाखलाही नाही. तेथील कारकून म्हणाले, "तुमचे वडील जन्मले याला पुरावा काय?" वडील माझ्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, मी हाय की." कागद जमेपर्यंत त्या वर्षीची मुदत गेली. अमॉयच्या कॉन्सलसमोर उभ्या राहिलेल्या त्या अनोळखी माणसाचे बोलणे मला पुस्तकात सापडले नाही, पण ते मला ऐकू आले. असो.

चीनच्या बाजूनेही गाठ घट्ट झाली. जाणारे लोक गुन्हेगार, असे शतकभर म्हणणाऱ्या सरकारला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले की, हेच लोक घरी पैसे धाडतात. १९०९ साली चीनने आपला पहिला राष्ट्रीयत्वाचा कायदा केला. त्याचे तत्त्व मातीचे नव्हते, रक्ताचे होते. चिनी बापाचे मूल जगात कोठेही जन्मो, ते चिनी. हे राष्ट्रीयत्व सोडायचे तर चीनचीच परवानगी हवी. म्हणजे सिंगापुरात जन्मलेला मुलगा आता इंग्रजांच्या कायद्याने पूर्ण ब्रिटिश आणि चीनच्या कायद्याने पूर्ण चिनी. दोघांपैकी कोणीही चुकीचे बोलत नव्हते. १९२९ साली क्वोमिंतांग सरकारने नवा कायदा केला, त्यातही रक्ताचे तत्त्व कायम राहिले.

वसाहतीत जन्मलेल्या सुशिक्षित चिन्यांनी आपली बाजू ठरवण्याचा प्रयत्न केला होता. डॉ. लिम बून केंग आणि बॅरिस्टर साँग ओंग सियांग यांनी १८९७ मध्ये एक इंग्रजी मासिक काढले. १९०० साली 'स्ट्रेट्स चायनीज ब्रिटिश असोसिएशन' ही संस्था निघाली. नावात तीन शब्द तीन मुलखांचे! आम्ही राजनिष्ठ प्रजाजन आहोत, तर प्रजाजनाचे हक्क द्या, असे तिचे सांगणे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वरच्या सनदी नोकऱ्यांसाठी आईबाप दोघेही शुद्ध युरोपीय वंशाचे असावेत अशी अट घालण्यात आली. जन्माच्या मातीने प्रजाजन करून घेतले, खुर्ची देताना मात्र रक्त विचारले. दादाभाई नौरोजी राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यावर बोट ठेवून हेच विचारत होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

जन्मसिद्ध प्रजाजनाला एक लाभ मात्र निश्चित होता. त्याला हद्दपार करता येत नसे. १८६० च्या दशकापासून चिनी गुप्त मंडळ्यांच्या मारामाऱ्या थांबवण्यासाठी सरकारने एकामागून एक कायदे केले. १८८८ च्या हद्दपारीच्या कायद्याने जन्मसिद्ध प्रजाजन नसलेल्या कोणालाही राज्यपालाच्या आज्ञेने वसाहतीबाहेर घालवता येऊ लागले. त्याला खटला नको, साक्षीपुरावा नको. येथे दाखल्याचा प्रजाजनही उघडा पडला. ज्याने तीस वर्षे येथे दुकान चालवले त्याला एका हुकुमावर जहाजात बसवता येई. पूर्वी तर, चिनी भाषा जाणणारा एकही वरिष्ठ अधिकारी सरकारजवळ नव्हता. १८७७ साली विल्यम पिकरिंग यांना पहिला 'चिन्यांचा संरक्षक' नेमले. त्यांना अनेक चिनी बोली येत. नवे मजूर उतरले की त्यांचे करार तपासणे, फसवून आणलेल्या बायकांना सोडवणे, ही कामे या कचेरीने केली, हे नाकारता येत नाही. पण तीच कचेरी कोणाला हद्दपार करावे याचाही सल्ला देई. १८८७ साली एका सुताराने कचेरीतच पिकरिंगसाहेबांवर कुऱ्हाडीचा वार केला, त्यातून ते पुरते सावरले नाहीत.

मलायाच्या आतल्या भागाची कथा आणखी निराळी. पेराक, सेलांगोर, पहांग वगैरे राज्ये सुलतानांची. १८७४ च्या पांगकोर करारापासून तेथे ब्रिटिश रेसिडेंट आला, पण नावाने राज्य सुलतानाचेच. आपल्याकडे कोल्हापूर किंवा बडोदे होते तसे. तेव्हा ती राजाची भूमी नव्हे. परक्या चिनी बापाचे मूल मलाक्क्यात जन्मले तर ब्रिटिश प्रजाजन. तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर क्वालालंपूरला जन्मले तर नाही. क्वालालंपूर शहर वसवण्यात ज्याचा मोठा वाटा तो यॅप आ लॉय हा चिन्यांचा 'कापितान' होता. खाणी, बाजार, रस्ते, सारे त्याच्या माणसांनी उभारले. तरीही तेथे जन्मलेल्यांचे राष्ट्रीयत्व धुक्यात राहिले.

आता ज्या विषयाने मला सर्वांत जास्त गुंतवले त्याकडे वळतो. तो म्हणजे लग्न आणि वारसा. पेनांगला १८०७ साली आणि सिंगापूर-मलाक्क्याला १८२६ साली राजाच्या सनदेने न्यायालय आले. त्यामुळे तेथे इंग्रजी कायदा लागू झाला, मात्र रहिवाशांचे धर्म आणि रीतिरिवाज यांना झेपेल तितपत. हे 'झेपेल तितपत' म्हणजे किती, यावर शंभर वर्षे भांडणे झाली. आपल्या मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८२३ च्या सनदेत स्पष्ट लिहिले होते की, हिंदूंचा वारसा हिंदू कायद्याने आणि मुसलमानांचा मुसलमानी कायद्याने ठरेल. सामुद्रधुनीतील चिन्यांसाठी असे स्पष्ट कलम नव्हते. तेव्हा न्यायाधीश एक पाय इंग्रजी कायद्यात आणि एक चिनी रिवाजात ठेवून चालले.

चिनी रिवाजात पुरुषाला एक मुख्य पत्नी आणि तिच्याखाली आणखी बायका असत. इंग्रजी कायद्याला एकच पत्नी ठाऊक. मृत्युपत्र न करता पुरुष मेला तर इंग्रजी वाटणीच्या जुन्या कायद्याप्रमाणे मुले असताना विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना. पण विधवा एकीहून अधिक असतील तर? १८६७ साली न्यायमूर्ती मॅक्सवेल यांनी अशा विधवांना सारखा वाटा दिला. पुढे चू एंग चून नावाच्या सिंगापूरच्या गृहस्थाच्या मालमत्तेसाठी सहा स्त्रिया न्यायालयात आल्या आणि प्रत्येकीने म्हटले की, मी त्याची विधवा. कायद्याच्या पुस्तकांत हा 'सहा विधवांचा खटला' म्हणून प्रसिद्ध आहे. १९०८ साली न्यायालयाने निर्णय दिला की, चिन्यांचा बहुपत्नीक विवाह मान्य, दुय्यम बायकाही कायदेशीर पत्नी, आणि विधवांचा तो एक तृतीयांश त्यांच्यात वाटायचा. १९२० साली प्रिव्ही कौन्सिलने असेही म्हटले की, दुय्यम पत्नी सिद्ध करण्यास समारंभाचा पुरावा हवाच असे नाही. एकत्र राहणे आणि चारचौघांत तशी ओळख असणे, यावरून ते ठरू शकते.

यात फसगत कोणाची आणि लाभ कोणाचा, हे नीट पाहावे. चिनी रिवाजाने वारसा मुलग्यांचा, मुलीला काही नाही. पण विवाह चिनी रिवाजाने मोजला आणि वाटणी इंग्रजी कायद्याने केली, तेव्हा मुलींना मुलग्यांइतकाच वाटा मिळाला. हिंदुस्थान सरकारच्या १८३७ च्या २० व्या कायद्याने तिकडच्या जमिनीही याच वाटणीत आल्या होत्या. म्हणजे पेनांगच्या चिनी मुलीला, बापाने मृत्युपत्र केले नसल्यास, घरात आणि जमिनीत भावाबरोबर हिस्सा. उलट मुंबईत १८४७ साली सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा मुलींनी कुराणाच्या आधारे वाटा मागितला, तेव्हा 'या जमातीचा रिवाज हिंदूंसारखा, मुलींना वारसा नाही' असे म्हणून त्यांची मागणी फेटाळण्यात आली. मुंबईत रिवाजाचा मान राखला आणि मुली हरल्या. पेनांगला रिवाज अर्धा मोडला आणि मुली जिंकल्या. रिवाजाचे रक्षण म्हणजे नेहमीच माणसाचे रक्षण, असे मी समजत होतो, तो समज येथे ढासळला. सरांशी यावर माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे, परक्या सत्तेने घर मोडून दिलेला न्याय तो न्याय नव्हे. मी अजून माझ्या मतावर आहे.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. पेनांगच्या एका चिनी स्त्रीने मृत्युपत्रात लिहिले की, अमुक घर माझ्या आणि पतीच्या पितृपूजेसाठी कायम राखावे. १८७५ साली प्रिव्ही कौन्सिलने ते कलम रद्द केले. का, तर मालमत्ता कायमची अडकवून ठेवायला इंग्रजी कायद्याची मनाई, फक्त सार्वजनिक धर्मादायाला सूट. आणि पितरांची पूजा हे त्या घरापुरते कार्य, त्यात लोकांचे हित नाही. आपल्याकडे कुलदैवताच्या दिव्याला जमीन लावून देतात, त्या जमिनीविषयी लंडनच्या कोणी असे म्हटले असते तर काय वाटले असते?

प्रजाजनत्वाचा खरा कस साम्राज्यातील इतर मुलखांत लागला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने सोन्याच्या खाणींकडे येणाऱ्या चिन्यांना रोखण्यासाठी १८५५ साली माणशी दहा पौंडांची पट्टी बसवली, आणि चिनी कोण हे ठरवताना चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेलाही त्यात धरला. १८८८ साली 'अफगाण' नावाच्या जहाजातून आलेल्या चिन्यांना मेलबर्नला उतरू दिले नाही. त्यांतील एकजण न्यायालयात गेला. तेथे जिंकला, पण १८९१ साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरला. परक्याला ब्रिटिश भूमीवर येण्याचा हक्क न्यायालयामार्फत बजावता येत नाही, असा तो निकाल.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या १८८५ च्या कायद्याने आशियाच्या लोकांना नागरिकत्व आणि जमीन नाकारली होती. बोअरांचा तो कायदा इंग्रजांनी राज्य घेतल्यावरही ठेवला. सोन्याच्या खाणींसाठी १९०४ पासून ६३ हजारांहून अधिक चिनी मजूर करारावर आणले. कुंपणाबाहेर परवान्याशिवाय जायचे नाही, कुशल काम करायचे नाही, मुदत संपली की परत. १९१० पर्यंत सगळे परत धाडले. व्यापार करणारे मूठभर मोकळे चिनी उरले, त्यांना आणि हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती झाली. येथे हाँगकाँगचा प्रजाजन आणि कँटनचा परका असा भेद कोणी विचारला नाही. गांधीजींच्या सत्याग्रहात हे चिनी सामील झाले. २८ जानेवारी १९०८ रोजी तुरुंगातून जनरल स्मट्स यांच्याकडे समझोत्याचे जे पत्र गेले त्यावर तीन सह्या होत्या: मोहनदास गांधी, थंबी नायडू आणि चिनी पुढारी ल्यूंग क्विन. आपल्या पाठ्यपुस्तकात तिसरे नाव मला कोठे दिसले नाही. सत्याग्रही चिन्यांना हद्दपार करताना सरकारने १९१० साली त्यांतील अनेकांना कोठे धाडले? मद्रासला! ल्यूंग क्विन त्यांत होते.

साम्राज्य आवरू लागले तशी प्रत्येक गाठ निराळी सुटली. बांडुंगला १९५५ साली चौ एन-लाय यांनी इंडोनेशियाबरोबर दुहेरी राष्ट्रीयत्व संपवण्याचा करार केला. सिंगापूरच्या १९५७ च्या नागरिकत्व कायद्याने चीनमध्ये जन्मलेल्या आणि दीर्घकाळ राहिलेल्या लक्षावधी लोकांना नागरिक होण्याची वाट मिळाली. १९६१ च्या 'स्त्रियांच्या सनदे'ने तेथे एकपत्नीत्व आले आणि सहा विधवांच्या खटल्यासारखा खटला पुढच्या पिढीला उभा करण्याचे कारण उरले नाही. चीनने १९८० च्या कायद्यात दुहेरी राष्ट्रीयत्व अमान्य केले.

आपल्या देशातील चिन्यांचे मात्र उलटे झाले. कलकत्त्याला त्यांची वस्ती वॉरन हेस्टिंग्जच्या काळापासूनची. मुंबईत माझगावला त्यांचे १९१९ सालचे देऊळ आहे. १९६२ च्या युद्धात कायदा झाला की, ज्याचे आईबाप किंवा आजा-आजी कधीकाळी शत्रुदेशाचे नागरिक होते, त्यालाही परकीयांचे कायदे लावता येतील. आसामातील माकुमहून, शिलाँगहून, दार्जिलिंगहून सुमारे तीन हजार माणसे आगगाडीने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेण्यात आली. त्यांत चहाच्या मळ्यात जन्मलेली, आसामी आणि हिंदी बोलणारी मुले होती. काहींना चीनला पाठवले, काही पुढे परत आपल्या गावी गेले तर घरे-दुकाने लिलावात गेलेली. शेवटची माणसे देवळीतून बाहेर पडली ती १९६७ साली.